लाल पान उघडलं नाही तेव्हा

डोंबिवली एमआयडीसीतल्या रंगाची भुकटी बनवणाऱ्या त्या कंपनीत लक्ष्मी गायकरला खुर्ची मिळाली ती वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. त्याआधी अकरा वर्षं ती पॅकिंगला होती. लाल, पिवळी, विटकरी भुकटी गोण्यांत भरायची, गोणीचं तोंड शिवायचं, पुढची गोणी ओढायची. घरी जाऊन दोन वेळा डोकं धुतलं तरी पाणी लाल निघायचं. शेजारणी म्हणायच्या, हिच्याकडे बारा महिने रंगपंचमी.

गायकरांची जमीन होती तिथेच आज कारखान्यांच्या रांगा आहेत. सासऱ्यांच्या वेळी जमीन गेली, तेव्हा घरटी एकाला काम देऊ असं सगळेच बोलले होते. त्या बोलण्यावर तिचा नवरा काळुराम या कंपनीत लागला आणि तो गेल्यावर त्याच्या जागी ती. बारावी झालेली होती, पण ते कोणी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. पुढे खोकला सुरू झाला आणि डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की या धुळीत राहिलात तर छाती साथ देणार नाही. त्याच सुमारास डिस्पॅचचा कारकून नोकरी सोडून गेला. लक्ष्मीने मुलीच्या, समृद्धीच्या, जुन्या लॅपटॉपवर टायपिंग शिकायला घेतलं. एका बोटाने सुरुवात केली, चार बोटांपर्यंत आली आणि मॅनेजर सलिल सरांसमोर जाऊन उभी राहिली. "मला बसवून बघा," एवढंच म्हणाली.

त्यांनी बसवलं. डिस्पॅचच्या खोलीला एक काच होती आणि काचेपलीकडे पॅकिंगचा हॉल. ती इकडे बसून चलन काढायची, कुठली गाडी कुठे गेली ते कंप्युटरवर चढवायची. ड्रायव्हर खिडकीशी येऊन उभे राहिले की नाव न विचारता त्यांचे कागद पुढे करायची. गाडीचा नंबर ऐकला की ड्रायव्हर आठवायचा, ड्रायव्हर आठवला की त्याचं घरदार.

सगळं सुरळीत चाललं असताना गेल्या वर्षी परीक्षा सुरू झाल्या.

परीक्षा म्हणजे खोटे मेल. कंपनीचं मुख्य ऑफिस ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये. तिथल्या देवयानी मॅडमकडे सगळ्या कंप्युटरांची राखण होती. चोर कसे मेल पाठवतात हे लोकांना कळावं म्हणून त्या स्वतःच तसे मेल पाठवायच्या. कोणी आतल्या लिंकवर बोट दाबलं, पासवर्ड दिला, की पापणी लवायच्या आत पडदाभर लाल पान उघडायचं. त्यावर गळाला लागलेला मासा आणि खाली मोठ्या अक्षरात, 'तुम्ही फसलात.' महिन्याच्या शेवटी फसलेल्यांची यादी कँटीनबाहेरच्या फळ्यावर लागायची. यादी लावायची ही कल्पना सलिल सरांची. जवळच्याच एका कारखान्यात असल्याच मेलमुळे पंधरा दिवस काम बंद पडलं होतं, तेव्हापासून त्यांनी धसका घेतला होता. तीनदा नाव लागलं तर कंप्युटर काढून घेणार, असा नियमही त्यांनीच केला.

फळ्याला लोकांनी नाव ठेवलं मासळी बाजार. सकाळी हजेरी लावताना एकमेकांना विचारायचे, "आज कोण सुरमई?"

लक्ष्मीचं नाव दोनदा लागलं. पहिला मेल दिवाळीच्या मिठाईचा होता, त्यात अर्धी कंपनी सापडली, त्यामुळे तो चेष्टेवारी गेला. दुसरा मेल आला तो कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी शिष्यवृत्तीचा. त्या वेळी समृद्धी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. शेवटची तारीख आजचीच होती. लक्ष्मीने जेवणाचा डबा तसाच उघडा टाकून मुलीचं नाव, वर्ष, टक्के सगळं भरलं, पासवर्ड दिला आणि समोर मासा आला. त्या दिवशी डबा तसाच घरी गेला. फसली म्हणून नाही. दहा मिनिटं तिला वाटलं होतं की कंपनीला तिच्या मुलीचं नाव माहीत आहे.

त्यानंतर लोकांनी आपली सोय केली. परीक्षेचा मेल ज्याला आधी ओळखू येईल त्याने इंटरकॉमवरून बाकीच्यांना कळवायचं. मेल मुकाट्याने काढून टाकायचा आणि कामाला लागायचं. खरेदी विभागातली स्वप्ना यात पटाईत होती. "आलंय बरं का पत्र," एवढंच म्हणायची आणि फोन ठेवायची. मॅडमना वाटायचं लोक हुशार झाले. लोक हुशार झालेच होते, पण मॅडमना ओळखण्यात.

तो मंगळवार होता. सकाळी नऊ वाजता सीताराम न्हावाशेव्याचा माल घेऊन बाहेर पडला होता. पंधरा वर्षं याच कंपनीचा माल वाहणारा ड्रायव्हर. काळुराम गेला तेव्हा हॉस्पिटलातून घरापर्यंत सोबत आलेला माणूस. साडेअकराला मेल आला. पाठवणारी ट्रान्सपोर्ट कंपनी नेहमीचीच, पत्ताही रोजचाच, वर गाडीचा नंबरही बरोबर. कळंबोलीजवळ गाडीला अपघात झाला आहे, फोटो पाहा आणि ताबडतोब कळवा, असं लिहिलेलं. खाली एक लिंक आणि एक जोडलेली फाइल.

लक्ष्मीने आधी सीतारामला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. मग तिने लिंक दाबली. पासवर्ड मागितला, तिने दिला. चुकला म्हणून पुन्हा मागितला. या वेळी तिने एकेक अक्षर बघून, सावकाश, चूक होऊ नये म्हणून जपून टाकला. पान पांढरं झालं आणि तसंच राहिलं.

दहा मिनिटांनी सीतारामचाच फोन आला. "काय वहिनी, दोन-दोन मिसकॉल? दोन तास झाले, शिळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलोय, फोन डब्याच्या पिशवीत होता."

"कुठे लागलं नाही ना तुला?"

"मला काय धाड भरलीय? भूक लागलीय तेवढी."

तिने फोन ठेवला. म्हणजे परीक्षा. म्हणजे तिसऱ्यांदा. तेवढ्यात इंटरकॉम वाजला.

"ताई, पत्र आलंय," स्वप्ना म्हणाली. "सीतारामच्या अपघाताचं. या वेळी तर मॅडमनी हद्दच केलीय. उघडू नका, गप डिलीट करा."

"हो," लक्ष्मी म्हणाली.

"उघडलं नाही ना?"

"नाही गं."

खोटं बोलून झालं आणि ती पडद्याकडे बघत बसली. आता मासा येईल, मग येईल. पान पांढरंच. तिने बंद करून पुन्हा उघडलं. एक गाडी आली, तिचं चलन काढलं, ड्रायव्हर दोन शब्द बोलून गेला, पण तिचं लक्ष नव्हतं. मागच्या दोन्ही वेळा पान पापणी लवायच्या आत आलं होतं. मॅडम पकडायच्या आणि लगेच सांगायच्या, पकडलं म्हणून. त्यांना त्यातच तर रस. मग आज पकडूनही गप्प बसलंय ते कोण? जो पकडतो आणि कळूही देत नाही, तो मॅडम नव्हे. तो दुसराच कोणीतरी.

काचेपलीकडे पॅकिंगच्या बायका तोंडाला फडकी बांधून गोण्या शिवत होत्या. आज विटकरी रंग होता. हवेत तो तसा दिसत नाही, उन्हाची तिरीप आली की दिसतो. लक्ष्मीला नुसतं बघूनच खोकला आला.

तिने हिशोब मांडला. सगळे म्हणतायत परीक्षा आहे. ती गप्प बसली तर कोण विचारणार आहे? आणि खरंच परीक्षा असली, पान यायला नुसता उशीर झाला असला, तर आपणच फोन करून आपलं तिसरं नाव सांगायचं, असं कोणी करतं का? समृद्धीचं अजून दीड वर्ष बाकी होतं. पुन्हा काचेपलीकडे पॅकिंगला गेली तर दीड वर्ष निघेल का, हे डॉक्टरांना विचारायची तिची छाती नव्हती.

बाराला पाच मिनिटं कमी असताना तिने भिंतीवरच्या कागदावर लिहिलेला ठाण्याचा नंबर फिरवला.

"मॅडम, मी डोंबिवलीहून लक्ष्मी गायकर. ते अपघाताचं पत्र मी उघडलं."

"कुठलं पत्र, लक्ष्मीताई?"

"तुमचं. आजचं."

"आज मी काहीच पाठवलेलं नाही. पासवर्ड दिलात?"

"दोनदा दिला. दुसऱ्यांदा नीट बघून दिला."

"किती वाजता?"

"साडेअकराला."

"बरं. ऐका, तुमच्या कंप्युटरच्या मागे निळी वायर आहे. ती ओढून काढा. कंप्युटर बंद करू नका, फक्त वायर. काढलीत?"

"काढली."

"आता ते पत्र काय होतं ते मला सांगा, सगळं, सावकाश." आवाज शांत होता, पण लक्ष्मीला त्या आवाजामागे भराभरा कळा दाबल्याचं ऐकू येत होतं. मध्येच मॅडम स्वतःशीच पुटपुटल्या, "तुमच्या नावाने बाहेरच्या चाळीस जणांना गेलंय हे." मग म्हणाल्या, "ताई, तुम्ही फोन केलात ते फार बरं केलंत. मी निघतेय."

सव्वाबाराला कंपनीचे मेल बंद झाले, साडेबाराला सगळे लॉगिन. कोणालाच काही उघडेना. दुपारी दोनला देवयानी मॅडम कारखान्यात पोचल्या. लक्ष्मीने त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. यादीमुळे तिच्या मनात कोणी उंच, कडक, चष्मेवाली बाई बसली होती. आली ती तिच्याहून दहा वर्षांनी लहान, घामाने चेहरा उतरलेली, खांद्याच्या बॅगेतून शाळेच्या वहीचं टोक बाहेर आलेली. ट्रान्सपोर्ट कंपनीचाच मेल चोरांच्या हातात गेला होता, हे तोवर तिने शोधून काढलं होतं. म्हणून पत्ता खरा आणि गाडीचा नंबरही खरा.

कारखान्यातल्या ज्या अकरा जणांना तो मेल आला होता त्यांना कँटीनमध्ये बोलावलं. सलिल सरांनी सुरुवात केली. "कोणी कोणी उघडलं ते आत्ता सांगा. नियम सगळ्यांना माहीत आहे."

नियमाचा शब्द निघाला आणि अकरा माना खाली गेल्या.

"लिंक दाबली असेल, फाइल उघडली असेल, काहीही," देवयानी म्हणाली. "मला फक्त कुठल्या मशीनवर ते हवंय. दीडशे मशीन आहेत, एकेक तपासायला मला उद्याची रात्र होईल, आणि चोरांना तेवढा वेळ लागत नाही."

लक्ष्मी उठून उभी राहिली. "मी उघडलं. पासवर्ड दोनदा दिला. स्वप्नाला मी नाही म्हणाले, ते खोटं होतं."

स्वप्नाने वर पाहिलं. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "तिसऱ्यांदा सुरमई." एकदोघे हसले आणि आपणच गप्प झाले. बाकी कोणी उठलं नाही.

बाहेर पाण्याच्या टाकीपाशी लक्ष्मी तोंडावर पाणी मारत होती तेव्हा दौलत येऊन शेजारी उभा राहिला. दौलत वजनकाट्यावर होता. काळुरामच्या बरोबरीने लागलेला, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. मासळी बाजारात आपलं नाव एकदाही लागलं नाही, असं तो छाती पुढे काढून सांगायचा.

"वहिनी," तो नळाकडे बघत म्हणाला, "काट्यावरच्या मशिनीत नाव कोनाचा असतो?"

"कोनाचाच नाय. तिनी पाल्यांना एकच नाव, एकच पासवर्ड. स्क्रीनलाच चिकटवलाय ना तुमी."

"मंग कोनी काय केला, तो कलनार नाय ना?"

लक्ष्मीने नळ बंद केला. "काय उघडलंस, दौलतदादा?"

"सीतारामच्या गाडीचा फोटो. मीच वजन करून सोडलेली सकालची गाडी." तो अजून नळाकडेच बघत होता. "फोटो निंगालाच नाय. काला चौकोन आला नि गेला. मना वाटला मॅडमचा नवीन खेल. माजा नाव तर लागत नाय, कशाला बोलायचा?"

"आता सांग मंग."

"दीड वरीस रायलाय. आता नाव लावून घेव?"

लक्ष्मीला त्याला समजावता आलं असतं, पण सकाळी तिने स्वतःला काय काय सांगितलं होतं ते तिला आठवत होतं. "मी आता त्या बाईकडं चालले," ती म्हणाली. "तुजा नाव मी घेनार नाय. पन काटा बोलेन. तुला यायचा तर ये."

ती चालू लागली. पॅकिंगच्या दारापर्यंत तिच्या मागे कोणी नव्हतं. ऑफिसच्या पायऱ्यांशी तिला त्याच्या सेफ्टी बुटांचा आवाज ऐकू आला.

काट्याची केबिन गेटाबाहेर, ठाण्याच्या ऑफिसातल्या मशीनच्या कुठल्याच यादीत नसलेली. आत बारा वर्षं जुनं मशीन, पंख्याच्या वाऱ्याने धुळीचा थर सारखा झालेला. त्याची वायर मात्र भिंतीतून, सगळ्यांच्याच जाळ्यात. देवयानीने आधी वायर ओढली आणि मग खाली बसली. पाऊण तास ती मशीन तपासत राहिली. दौलत दारात हात बांधून उभा. शेवटी ती म्हणाली, "इथून चोर आतल्या सर्व्हरपर्यंत गेलेले होते. संध्याकाळी ऑफिस सुटलं की सगळ्या फायलींना कुलूप पडणार होतं, वेळ लावून ठेवलीय." मग तिने दौलतकडे पाहिलं. "काका, तुम्ही काळा चौकोन सांगितलात म्हणून वेळेत सापडलं."

दौलतने मान हलवली. हे कौतुक आहे की यादीत नाव, हे त्याला नीट कळलं नाही.

पुढचे चार दिवस कारखाना कागदावर चालला. लक्ष्मीचं लॉगिन बंदच होतं, पण गाड्या यायच्या थांबल्या नाहीत. तिने जुनी वही काढली आणि हाताने चलनं लिहिली. ठाण्याहून आलेली दोन माणसं कुठल्या गिऱ्हाइकाला कुठला माल जातो ते फायलींत शोधत बसायची, ती तोंडाने सांगायची. पण कोणी म्हणालं नाही की पुढे तिच्या खुर्चीचं काय.

शनिवारी सलिल सरांच्या केबिनमध्ये तिला बोलावलं. देवयानी आधीच बसली होती. सरांसमोर नियमाचा कागद होता आणि त्यांचा चेहरा कागद नको असलेल्या माणसासारखा होता.

"गायकरबाई, तुम्ही सांगितलंत हे मला मान्य आहे. पण तीनदा म्हणजे तीनदा. उद्या दुसरा म्हणेल, मला वेगळा न्याय का?"

"तीनदा नाही, एकदा," देवयानी म्हणाली. "पहिली दोन पत्रं माझी होती. शिष्यवृत्तीचं पत्र मी घरी बसून लिहिलं, माझ्या मुलीचा फॉर्म समोर ठेवून. कुठली आई उघडेल ते मला माहीत होतं, म्हणूनच तसं लिहिलं. आणि ती यादी, सर. अकरा जणांनी त्या दिवशी पत्र पाहिलं. नऊ जणांनी ओळखलं, हे खोटं आहे. एकानेही मला फोन केला नाही. सगळे माझ्यापासून लपत होते. ज्यांच्यापासून लपायचं ते राहिले बाजूला."

सलिल सर बराच वेळ कागदाची कड दुमडत बसले. "आणि ज्याने सांगितलं त्याचं नाव लावायचं नाही, असं म्हणताय."

"ज्याने सांगितलं त्याला मी उशिरात उशिरा पाच मिनिटांत फोन करायचा, असं म्हणतेय."

सरांनी एक ताकीदपत्र तरीही दिलं, कारण पासवर्ड दिला होता हे खरंच होतं आणि वर त्यांनाही उत्तर द्यायचं होतं. लक्ष्मीने ते दोनदा वाचून सही केली. सोमवारपासून जागेवर बसा, असं ते म्हणाले. दौलतला मात्र काट्यावर स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड घ्यावा लागणार होता. तो महिनाभर याबद्दल कुरकुरला.

जिन्यावर देवयानी तिच्याबरोबर उतरली. "ताई, परीक्षा बंद होणार नाहीत हं. यादी जाईल, पण पत्रं मला पाठवावीच लागतील."

"पाठवा ना. पण मुलांच्या नावाने नका पाठवू."

"चोर पाठवतील. त्यांना तेच बरोबर कळतं."

"त्यांना पाठवू द्या," लक्ष्मी म्हणाली. "तुम्ही नका."

देवयानी पायरीवर थांबली. मग मान हलवून हो म्हणाली. लक्ष्मी पुढे होऊन डिस्पॅचच्या खोलीत गेली. खिडकीशी दोन ड्रायव्हर केव्हाचे उभे होते.